स्प्रिंग तीच, भोक निराळं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या लेथवर ए-आर्मचे बुश टर्न होताना दिसले की समजावं, कुठल्या तरी अभियांत्रिकी महाविद्यालयाची बाहा जवळ आली आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः आखून बनवलेल्या एकआसनी एटीव्हींची ही स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात २००७ पासून एसएईइंडिया ती भरवते. तिचं जुनं, ठरलेलं मैदान म्हणजे इंदूरजवळच्या पीथमपूरचं नॅट्रॅक्स. पेट्रोल गाड्यांच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच. त्यामुळे खरी चढाओढ होते ती चौकट आणि चाक यांच्या मधल्या भागात. ओंडके, दगड, चिखल यांतून जाणारी सस्पेन्शनची वेगळी चाचणी असते आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स. धक्के खाऊन कंबर गेलेला ड्रायव्हर आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो. म्हणून इथे आराम ही चैन नाही, तो वेगाचाच भाग आहे.

सुरुवातीच्या एटीव्हींना हे सुख नव्हतं. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेल्या तीनचाकीला सस्पेन्शन नव्हतंच. कमी हवेचे फुगीर टायरच सगळा मार सोसत. टायर स्प्रिंगचं काम करतो, पण उसळी जिरवत नाही. अपघात वाढले आणि १९८८ मध्ये नव्या तीनचाकींची विक्री तिकडे थांबली. कोल्हापूरकरांना याचं दुसरं टोक घरचंच आहे. इथल्या मोहिते ट्रॅकवर पळणाऱ्या गो-कार्टलाही सस्पेन्शन नसतं, नुसती चौकट पीळ खाते. गुळगुळीत डांबरावर तेवढं पुरतं. तीच कार्ट ऊसतोडीनंतर ट्रॅक्टरने खणलेल्या फडात घालून बघा.

आता शॉकअपकडे वळू. पोरांची पहिली धाव महागड्या परदेशी एअर शॉककडे असते. माझं मत उलटं आहे: आधी वजनकाटा आणावा. ड्रायव्हरसकट गाडी चार काट्यांवर उभी केल्याशिवाय कुठल्या चाकावर किती भार येतो ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय स्प्रिंग निवडणं म्हणजे डोळे मिटून चष्मा घेणं.

हिशेब अवघड नाही. समजा, एका चाकावर स्प्रिंगने पेललेला भार ५० किलो आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची आहे. चाकाला चौकटीशी जोडणारा खालचा आर्म ५०० मिमी लांब. चौकटीकडच्या बिजागरीपासून ३०० मिमीवर शॉकअप जवळजवळ उभा लावला. चाक जितकं हलेल त्याच्या ०.६ पट शॉकअप दबेल. चाकाला जाणवणारा ताठपणा मात्र या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो: २० गुणिले ०.३६, म्हणजे ७.२. गाडी सेकंदाला साधारण १.९ वेळा डोलेल. आता तोच शॉकअप, तीच स्प्रिंग, फक्त भोक १० सेंटिमीटर बाहेर पाडलं. गुणोत्तर ०.८ झालं, ताठपणा १२.८ वर गेला आणि डोलणं सेकंदाला अडीच वेळांच्या घरात. एक पैसा जास्त न घालवता गाडी पावणेदोनपट कडक झाली! माणसाचा मणका उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत हळवा असतो, म्हणून या पट्ट्यापासून दूर राहिलेलं बरं.

पण फार मऊ करूनही भागत नाही. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला पाच मीटर. वाटेतले उंचवटे अडीच मीटरवर असतील, तर सेकंदाला दोन धक्के, म्हणजे आपल्या पहिल्या गाडीच्या डोलण्याइतकेच. तिथे दर धक्क्याला झोका वाढत जातो. तो आवरतो शॉकअपमधलं तेल. बारीक छिद्रांतून ढकललं जाऊन ते उसळीची उष्णता करतं. ते फार तापलं, फेसाळलं की पकड सुटते. म्हणूनच चांगल्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब भरलेला असतो. पैसे घालायचेच तर इथे घाला.

हाताळणीचं दुखणं वेगळंच. बाहाच्या बऱ्याच गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतं. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. मग वळताना आतलं मागचं चाक हलकं होईल अशी मांडणी करावी लागते. त्यात टाय रॉडचा आतला जोड ए-आर्मच्या बिजागऱ्यांशी जुळलेला नसला, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःहून ओढ घेतं. ड्रायव्हर शिव्या शॉकअपला देतो, चूक वेल्डिंगची असते. गरम नळी थंड होताना ओढली जाते, डावा आर्म उजव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वाकडा होतो आणि संगणकावर महिनोन्‌महिने घोटलेली भूमिती पाण्यात जाते.

गंमत म्हणजे ज्या गावाची ओळखच फाउंड्री आहे, तिथली पोरं चाकाची नकल, म्हणजे चाक आणि आर्म यांना जोडणारा तुकडा, ओतून घेत नाहीत. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंग करून काढतात. कारण सरळ आहे. चाकाबरोबर उसळणारं वजन जितकं कमी, तितका टायर जमिनीला चिकटून राहतो, आणि बिडाची नकल जड पडते. तरी शिरोली-गोकुळ शिरगावच्या पॅटर्नमेकरांनी ॲल्युमिनियमच्या ओतीव नकलेचा नाद करून बघायला हरकत नाही. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे हे काही आक्रीत नव्हे.

फार्महाउसवर किंवा कोकणच्या किनाऱ्यावर विकतची क्वाड चालवणाऱ्यांनी एवढं गणित केलं नाही तरी चालेल. पण टायरमधली हवा बघावी. एटीव्हीला बहुधा पाच-सात पीएसआय लागते. मोटारीसारखी तीस भरली तर कुठलाच शॉकअप वाचवत नाही. पंक्चरवाल्याच्या गेजवर इतका कमी दाब धड दिसतही नाही, वेगळा गेज घ्यावा. आणि प्रीलोडची रिंग पिळली की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज सोडावा. त्याने गाडी फक्त वर उचलली जाते.

उद्यमनगरातल्या कारखानदारांना मात्र एक सांगणं आहे. पोरं आर्म वेल्ड करून मागायला आली, तर आधी त्यांना फिक्श्चर, म्हणजे वेल्ड करताना नळ्या जागेवर धरणारा साचा, करायला लावा. हवं तर त्याचे पैसे वेगळे घ्या, पण फिक्श्चरशिवाय टॉर्च पेटवू नका.