साहेबाच्या मापाचं टेबल

नागपूरच्या रेल्वे कुटुंबांना गार्डन रीच हा कोलकात्याचा एक भाग आहे, हे फार उशिरा कळायचं. त्यांच्या लेखी ते बदलीचं, बढतीचं आणि नामंजूर रजेचं गाव होतं. नागपूरहून निघालेला कागद अकराशे किलोमीटर पूर्वेला जायचा, हुगळीकाठच्या टेबलांवर फिरायचा आणि शेरा घेऊन परत यायचा. ‘गार्डन रीचहून ऑर्डर आली’ म्हटलं की घरात एकदम शांतता पसरे. आपल्या पोरानंही त्या टेबलापर्यंत पोचावं म्हणून घरोघरी अभ्यासाचा धोशा चाले. पोरं तो करायची मात्र जमिनीवर, ट्रंकेवर किंवा आईच्या पोळपाटाशेजारी.

हा संबंध जुना. नागपूर-राजनांदगाव ही मीटरगेज लाईन 1880च्या सुमारास पडली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती लाईन ब्रॉडगेज करून पूर्वेकडे वाढवली आणि पुढे गार्डन रीचला मुख्यालय थाटलं. जागाही निवडली ती इतिहासातली. अवधचं राज्य 1856 मध्ये खालसा झाल्यावर तिथला नबाब वाजिद अली शाह इथेच मटियाबुर्जला येऊन राहिला आणि 1887 मध्ये इथेच वारला. महाव्यवस्थापकांचा बंगला हे त्याचं पहिलं बिऱ्हाड होतं, असं सांगतात. अवधच्या दोनच वर्षं आधी, 1854 मध्ये, नागपूरकर भोसल्यांचंही राज्य त्याच गव्हर्नर जनरल डलहौसीनं गिळलं होतं. नबाबाच्या परिसरात बसून नागपूरचा कारभार हाकला जावा, हा योगायोग कुणा बाबूच्या लक्षात आला असेलसं वाटत नाही.

अभ्यासाची बैठक दोन्हीकडे जुन्या काळी सारखीच होती. आपल्याकडे मुनिमाचं उतरतं बैठं डेस्क, चौरंग, पोथी ठेवायची ठवणी. बंगाल्यांकडे जलचौकी आणि तक्तपोस. मटियाबुर्जच्या मदरशांत कुराणासाठी रेहल, एकाच फळीतून कोरलेली, उघडली की फुलीसारखी उभी राहणारी. माणूस मांडी घालून बसतो हे गृहीत धरूनच या वस्तू घडल्या होत्या आणि त्या अंगाला बरोबर बसत. बिघडलं ते खुर्ची आल्यावर.

खुर्ची आली ती कचेरीतून, आणि बहुतेक वेळा लिलावातून. रेल्वेचं सामान जुनं झालं की ते ‘कंडम’ ठरतं आणि लॉट लावून विकलं जातं. आमच्या घरी पहिलं टेबल असंच आलं. अस्सल सागवान, वर हिरव्या कापडाचे उरलेसुरले धागे, दौतीसाठी पाडलेली गोल खाच आणि एक खण, जो वर उचलून ओढल्याशिवाय उघडत नसे. ते टेबल प्रौढ कारकुनाच्या मापाचं. नऊ-दहा वर्षांचं पोर त्याच्यासमोर बसलं की पाय लोंबकळत, कोपर खांद्याच्या रेषेत येई आणि हनुवटी जवळजवळ वहीला टेके. मग पायाखाली खोकं, बुडाखाली उशी. शेजारच्यांनी तर अशाच एका टेबलाचे पाय करवतीनं कापले. मुलगा वर्षभरात वाढला आणि टेबल तेवढंच राहिलं.

हे दुखणं आपलं एकट्याचं नव्हतं. तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाउ शहरात हेरमान कोन या नेत्रवैद्यानं 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि 1867 मध्ये निष्कर्ष छापले: वरच्या इयत्तांत जावं तसा ऱ्हस्वदृष्टीचा दोष वाढत जातो. दोष त्यानं अपुऱ्या उजेडाला आणि मुलांच्या मापाला न बसणाऱ्या बाकांना दिला. बाकाचा भाग आज तितकासा टिकत नाही. उजेडाकडे मात्र संशोधक पुन्हा वळले आहेत. पण त्या धक्क्यानं युरोपातल्या शाळा मुलांची उंची मोजून बाकं करू लागल्या. आपल्याकडे बाक आलं, माप आलं नाही. पाचवीचा वर्ग आणि दहावीचा वर्ग एकाच बेंचवर दोन पाळ्यांत बसतो, हे आजही कित्येक शाळांत दिसतं.

बदलीवर गार्डन रीचला गेलेल्यांचं वेगळंच. मोजक्या सामानानिशी गेलेली ही बिऱ्हाडं. टेबल कोण नेणार? खिदिरपूरची गोदी हाकेच्या अंतरावर. तिथून परदेशी जाणारा चहा प्लायवुडच्या पेट्यांत भरलेला असे, आणि अशी एखादी पेटी उपडी घातली की डेस्क तयार. पत्र्याच्या कडा मनगटाला कापत, म्हणून वर जुन्या चादरीची घडी. सत्तरच्या दशकात तर टेबलाची चैन सुचण्याची सोयच नव्हती. लोडशेडिंग इतकं, की कंदील जिथे तिथे सगळी भावंडं. आपल्या क्रमिक पुस्तकांतून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारे ईश्वरचंद्र विद्यासागर भेटत. त्यांच्याच शहरात ती गोष्ट आदर्श म्हणून ऐकायची वेळ राहिली नव्हती.

खरंखुरं टेबल मिळे ते अलीपूरला, बेल्वेडिअरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. 1953 मध्ये ते तिथे लोकांना खुलं झालं, आणि 1954च्या कायद्यानं देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथे पाठवणं प्रकाशकांना बंधनकारक झालं. त्यामुळे पुण्या-मुंबईचं मराठी पुस्तकही तिथे पोचे. लांब टेबल, डोक्यावर पंखा आणि कुणी ‘ऊठ, पान वाढायचंय’ म्हणत नाही. परगावच्या मराठी मुलाला आणखी काय हवं?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सनमायका आला, मग की-बोर्डच्या सरकत्या फळीचं कॉम्प्युटर टेबल आलं, ज्यावर वही ठेवायला जागाच नव्हती. माझ्या मते अभ्यासाच्या टेबलांत याच्याइतकं वाईट काही झालं नाही. तिकडे रेल्वेतही बदल झाला: एप्रिल 2003 मध्ये गार्डन रीचच्या अखत्यारीतला नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला आणि गार्डन रीचचा शेरा थांबला. घराघरांत आता अभ्यासाचं टेबल आहे. दुकानात ते बापाच्या उंचीला पसंत केलं जातं, रंग आई ठरवते.

यंदा मुलासाठी टेबल घ्यायला निघालात तर मुलालाच बरोबर न्या. खुर्चीत बसवा, पाय जमिनीला सपाट टेकतात का आणि कोपर टेबलाच्या पातळीला येतं का ते बघा, नसेल तर दुसरं दुकान गाठा. घरी आल्यावर ते खिडकीशी असं लावा की उजेड डावीकडून येईल. पोर डावखुरं असेल तर उजवीकडून.