बॉस्टनहून : कॅन्सरसाठी मागायला निघालेले सायकलस्वार

बॉस्टन, ऑगस्ट

ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार आला की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये रस्तोरस्ती सायकलींची रांग लागते. ‘पॅन-मास चॅलेंज’ हे या मोहिमेचं नाव. तिचा जुना, लांबचा मार्ग स्टरब्रिजहून निघतो. बोर्नला रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला शेवट. दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर! शर्यत नाही, नंबर नाहीत. सहा हजारांहून जास्त माणसं सायकल चालवतात आणि त्यांनी जमवलेले पैसे डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातात.

बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलॅनोमाने गेली. १९८० मध्ये त्याने ३५ जणांना सोबत घेऊन ही सफर काढली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले होते. आजवरची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

एवढा पैसा उभा राहतो तो नाव नोंदवतानाच दिलेल्या शब्दावर. लांबच्या मार्गावर जायचं तर काही हजार डॉलर जमवण्याची हमी द्यावी लागते. जमले नाहीत तर उरलेली रक्कम स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून कापली जाते. नियम कडक वाटतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. त्यामुळे माणूस मनात नसतानाही मागायला बाहेर पडतो. शेजारी, ऑफिस, मुलांची शाळा, न्हावी, दातांचा डॉक्टर, कोणालाही वगळत नाही. मागण्यात कमीपणा नाही आणि नाही म्हणणाऱ्यावर रागही नाही, ही या समाजाची रीत इथे राहिल्यावरच कळते.

आमच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका तरुणाला हेच सगळ्यात जड गेलं. चढ चढायची त्याला भीती नव्हती. लोकांपुढे हात कसे पसरायचे, हा प्रश्न होता. शेवटी त्याने मामाच्या आजारपणाबद्दल चार ओळी लिहून ओळखीच्या मराठी घरांना पाठवल्या. पैसे आलेच, पण सोबत निरोपही आले. कोणाची आई, कोणाची धाकटी जाऊ, कोणाचा वर्गमित्र. वर्षानुवर्षं एकमेकांकडे गणपतीला जेवणाऱ्या या घरांनी हे कधी एकमेकांना सांगितलं नव्हतं. आपल्याकडे अजूनही आवाज खाली करून ‘त्यांना ते झालंय’ म्हणतात. इथे सायकलस्वार गेलेल्या माणसाचा फोटो पाठीवर लावून भर रस्त्यातून जातो. स्वतः कॅन्सरमधून उठलेले शेकडो जणही या ताफ्यात असतात.

लेकव्हिलच्या पाण्याच्या थांब्याआधी तर पाय आपोआप मंदावतात. रस्त्याच्या कडेला डाना-फार्बरमध्ये उपचार घेणाऱ्या मुलांचे मोठमोठे फोटो ओळीने लावलेले असतात. एकेका मुलाला एकेका चमूशी जोडून दिलेलं असतं. काही मुलं स्वतः तिथे येऊन थांबतात. केस नुकते उगवू लागलेली एखादी मुलगी पाण्याची बाटली पुढे करते, तेव्हा दणकट माणसांनाही गॉगल काढून डोळे पुसावे लागतात.

मुलांचं हे नातं जुनं आहे. १९४८ मध्ये रेडिओवरून ‘जिमी’ नावाने एका बारा वर्षांच्या रुग्ण मुलाची ओळख देशाला करून दिली गेली आणि त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला. सायकलस्वारांचे पैसे आजही याच फंडातून संस्थेकडे जातात. त्यामागे होते डॉ. सिडनी फार्बर. रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या १६ मुलांना त्यांनी अमिनोप्टेरिन हे औषध दिलं आणि १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. हे औषध तयार केलं होतं भीमावरमहून आलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी. बॉस्टनमधल्या भारतीयांनी हे नाव आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं.

२००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला जातो. आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक उचलतात. हे पैसे अमुकच कामाला वापरा, अशी अट नसते. सरकारी अनुदान मागायला गेलेल्या संशोधकाला हाताशी काही निष्कर्ष दाखवावे लागतात. ते मिळवायचे तर आधी प्रयोग करायला पैसे हवेत. तरुण संशोधकाची ही कोंडी अशा मोकळ्या निधीने फुटते.

या उदारपणाला एक दुखरी बाजूही आहे. याच देशात विमा असूनही उपचारांच्या बिलांनी कुटुंबं कर्जात जातात आणि त्यांचे नातेवाईक इंटरनेटवर मदतीची याचना करतात. त्या बिलांचं ओझं सायकलवर वाहून नेता येण्याजोगं नाही; तो कायद्याचा आणि सरकारचा विषय आहे. संशोधनासाठी एवढं एकवटणारा समाज बिलांसाठी का एकवटत नाही, असं मी इथल्या मित्रांना विचारतो. त्यांच्यात यावर कडाडून वाद होतात.

देणग्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत घेतल्या जातात. आमच्या पुणेकर मित्राला अजून थोडी रक्कम जमवायची आहे. आता तो निःसंकोच फोन करतो.