मोटारीचा आल्टर्नेटर: आधीं परीक्षा, मग बदल

पहाटे माल भरून बाजारास निघावें, किल्ली फिरवावी, आणि इंजिनानें एकदां कण्हून स्तब्ध व्हावें, हा अनुभव मोटार किंवा जीप बाळगणाऱ्या बहुतेक बागाइतदारांस केव्हां ना केव्हां येतो. मिस्त्री येतो, "आल्टर्नेटर गेला" म्हणून सांगतो, आणि कांहीं हजारांचा खर्च उभा राहतो. दोन वर्षांपूर्वीं आमच्या जुन्या जीपची अशीच गति झाली. आम्ही नवा आल्टर्नेटर बसवून घेतला. आठव्या दिवशीं बॅटरी पुनः थंड! शेवटीं दोष सांपडला तो इंजिन व सांगाडा यांस जोडणाऱ्या अर्थच्या पट्टींत. तिच्या बोल्टाखालीं गंज चढला होता. कानशीनें तो घासून काढण्यास दहा मिनिटें लागलीं. गेलेला पैसा परत आला नाहीं, पण एक धडा मिळाला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आल्टर्नेटर म्हणजे मोटारीचें लहानसें वीजघर. इंजिनावरील पट्टा त्याचा आंस फिरवितो, व आंसावरील विद्युच्चुंबकाच्या फिरण्यानें भोंवतालच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न होते. बॅटरीस मात्र एकाच दिशेची वीज लागते. म्हणून विहिरीवरील पंपाच्या फुटव्हॉल्व्हप्रमाणें एकाच बाजूनें वाट देणारे डायोड आंत बसविलेले असतात, आणि रेग्युलेटर विजेचा दाब मर्यादेंत ठेवतो. पूर्वीं हें काम डायनामो करीत असे. परंतु इंजिन मंद चालत असतां त्याची वीज पुरत नसे. १९६० सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें आपल्या व्हॅलियंट मोटारींत आल्टर्नेटर घातला, आणि पुढें डायनामो मागें पडत गेला.

परीक्षा

प्रथम पट्टा पाहावा. तो चिरलेला किंवा तेलकट नसावा. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्यानें दाबला असतां सुमारें अर्धा इंच लवावा. नंतर बॅटरीचे खांब घासून स्वच्छ करावे. किल्ली फिरविली असतां, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, बॅटरीचा तांबडा दिवा लागला पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत याच दिव्यावाटे आल्टर्नेटरास आरंभीची वीज मिळते. दिवा जळालेला असला तर चांगला आल्टर्नेटरही गप्प राहतो.

आतां मल्टिमीटर घ्यावा. कांहीं तास स्वस्थ असलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टांच्या आसपास आंकडा दिसतो. इंजिन मध्यम वेगानें चालू करून मोजल्यास तो १३.८ ते १४.५ असावा. वर चढलाच नाहीं, तर बॅटरीस वीज पोंचत नाहीं. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे.

वीज पोंचत नाहीं एवढ्यावरून आल्टर्नेटरास दोषी ठरवूं नये. त्याच्या जाड तारेच्या खांबावर १४ आणि बॅटरीवर १२.५ असा फरक दिसला, तर दोष वाटेंतील तारेचा. तसेंच आल्टर्नेटरचें धड व बॅटरीचा ऋण खांब यांमधील आंकडा जवळजवळ शून्य असावा. नसल्यास अर्थ खराब आहे. ही एवढी परीक्षा आम्ही केली असती, तर खर्च टळला असता. इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून पाहण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती सर्वस्वी त्याज्य होय, कारण त्या धक्क्यानें चांगले डायोडही जळतात.

काढणें

परीक्षेंत आल्टर्नेटरच दोषी ठरला, तर इंजिन थंड होऊं द्यावें, हातांतील अंगठी व कडें उतरावें, आणि सर्वांआधीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. हा नियम कधींही मोडूं नये. आल्टर्नेटरची जाड तार बॅटरीस थेट जोडलेली असते. किल्ली बंद असली तरी तींत वीज असतेच. पान्याचें एक टोंक तिला व दुसरें गाडीच्या लोखंडास लागलें, तर ठिणग्या उडतात, हात भाजतो, आणि बॅटरींतून निघणारा हायड्रोजन पेटूं शकतो.

तारांच्या जागांचें फोनवर एक छायाचित्र घेऊन ठेवावें. मग ताणाचा व बिजागरीचा असे दोन्ही बोल्ट सैल करून आल्टर्नेटर इंजिनाकडे ढकलावा व पट्टा उतरावा. तारा सोडवाव्या, आणि धडास एका हाताचा आधार देऊन बोल्ट काढावे. गाडीखालीं जावें लागल्यास नुसत्या जॅकवर विसंबूं नये. भक्कम आधार द्यावा.

बसविणें

जुना व नवा शेजारीं ठेवून बोल्टांची भोंकें, पुली, तारांचे खांब, व्होल्ट व अँपिअर ताडून पाहावे. मोठ्या लॉरीचा २४ व्होल्टांचा आल्टर्नेटर १२ व्होल्टांच्या गाडीस चालत नाहीं. बसवितांना उलट क्रम धरावा. पट्टा ताणण्यास पहार लावणें झाल्यास ती पुढील बाजूस लावावी. मागचें नाजूक झांकण फुटतें. पट्टा सैल राहिला तर घसरून किंचाळतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. जाड तारेचा नट घट्ट करून रबरी टोपी चढवावी, आणि ऋण तार सर्वांत शेवटीं जोडावी.

बॅटरी पार उतरलेली असल्यास ती आधीं बाहेरून भरून घ्यावी. मेलेली बॅटरी उठविण्याचें काम नव्या आल्टर्नेटरवर टाकल्यास तो तापून लवकर खराब होतो. नंतर गाडीचे दिवे लावून पुनः मोजावें. पट्टा नवा असल्यास थोड्या दिवसांनीं त्याचा ताण एकवार पाहावा.

अलीकडच्या कित्येक गाड्यांत संगणक विजेचा दाब कमीजास्त करीत असतो. त्यांस वरील आंकडे लागू पडत नाहींत. तें काम जाणत्याकडेच द्यावें. मिस्त्रीच्या कौशल्याविषयीं आमचा अनादर नाहीं. पण दोष कोठें आहे हें स्वतः मोजून पाहिलेला मालक फुकट खर्चांत पडत नाहीं. औषध फवारण्यापूर्वीं आपण पान उलटून कीड पाहतों. गाडीच्या बाबतींतही तीच रीत असावी.