सशाच्या मादीचे घरटे : गर्भावस्था आणि मिथ्या गर्भावस्था

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चाळींच्या गॅलऱ्यांत व सदनिकांच्या बाल्कन्यांत पाळलेल्या सशाच्या मादीचे वर्तन एखाद्या दिवशी अकस्मात पालटते. एरवी शांत असणारी ही मादी पिंजऱ्याचा कोपरा पंजांनी उकरू लागते, वाळलेले गवत तोंडात आडवे धरून एका जागी रचते आणि अखेरीस स्वतःच्याच छातीवरचे व पोटावरचे केस उपटून त्या गवतावर पसरते. पाहणाऱ्याच्या मनात सामान्यतः दोन तर्क येतात. एक तर मादी गाभण आहे व आजउद्या विणार, किंवा तिला त्वचेचा काही विकार जडला आहे. पुष्कळदा हे दोन्ही तर्क चुकतात. पिल्ले होत नाहीत, दोनचार दिवसांत मादी पूर्ववत वागू लागते आणि काही आठवड्यांत केसही पुन्हा उगवतात. या अवस्थेस मिथ्या गर्भावस्था अथवा व्यवहारातील भाषेत ‘खोटी गाभण’ असे म्हणता येईल.

या घटनेचा अर्थ लावताना एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे अवश्य आहे. घरटे हे उदरातील गर्भाचे चिन्ह नव्हे; अंडाशयातील पीतपिंडाचे कार्य संपत आल्याचे ते चिन्ह होय. गर्भ असो वा नसो, पीतपिंडाचा ऱ्हास सुरू झाला की घरटे बांधण्याची प्रेरणा जागी होते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे एकीकडे नसलेल्या पिल्लांची वाट पाहिली जाते, तर दुसरीकडे खरोखरीची पिल्ले दगावतात.

१. एक शब्द, दोन प्राणी

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांस लावला जातो. महाराष्ट्राच्या माळरानांत व शेतांत आढळणारा ससा म्हणजे लेपस निग्रिकॉलिस. तो बीळ खणत नाही. गवतातील उथळ खळग्यात बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिलेले आहे. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा म्हणजे ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. इबेरियन द्वीपकल्प ही त्याची मूळ भूमी. तो बिळे खणून समूहाने राहतो. त्याच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः केस नसतात, डोळे मिटलेले असतात आणि वजन सुमारे ४० ते ६० ग्रॅम भरते. स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची शक्ती या पिल्लांत अत्यल्प असल्याने उबदार घरट्यावाचून ती जगत नाहीत.

रानसशासंबंधीचे जे ज्ञान ग्रामीण परंपरेने जतन केले, त्यात घरट्यास स्थान नाही, कारण त्या प्राण्यास घरट्याची गरजच नाही. गावाकडचा अनुभव गाठीशी असलेल्या कुटुंबासही पाळीव सशाचे केस उपटणे रोगासारखे भासते, याचे एक कारण येथे सापडते.

२. घरटे बांधण्याचे टप्पे

घरटे बांधणे ही एकच क्रिया दिसत असली, तरी तीत तीन स्वतंत्र क्रिया क्रमाने गुंफलेल्या असतात : उकरणे, गवत वाहून नेणे आणि केस उपटणे. यांपैकी प्रत्येकीचे नियमन वेगवेगळ्या संप्रेरकीय स्थितीने होते. स्त्रीमदजन व प्रगर्भरक्षी ही दोन्ही संप्रेरके रक्तात एकत्र असताना मादी उकरू लागते. स्त्रीमदजन टिकून राहून प्रगर्भरक्षीचे प्रमाण घटू लागले की ती गवत वाहू लागते. पुढे प्रोलॅक्टीन वाढते, त्याच सुमारास छातीवरील, पोटावरील व कुशींवरील केस मुळाशी सैल होतात आणि मादी ते सहज उपटू शकते. केस निघाल्याने घरट्यास अस्तर मिळते, तसेच पिल्लांना स्तनाग्रे मोकळी होतात.

अमेरिकेत झॅरो, डेनेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास केला. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांना बाहेरून संप्रेरके देऊन व नंतर प्रगर्भरक्षी थांबवून त्यांच्याकडून घरटे बांधवून घेता येते, असे दिसून आले. अशा मादीच्या उदरात गर्भ असण्याचा संभवच नसतो. घरट्याचे कारण गर्भ नसून संप्रेरकांचा विशिष्ट चढउतार आहे, याचा याहून निर्णायक पुरावा आवश्यक वाटत नाही.

३. समागमाने घडून येणारे अंडमोचन

गाय सुमारे २१ दिवसांच्या अंतराने माजावर येते आणि नराचा संबंध येवो वा न येवो, तिच्या अंडाशयातून अंडे बाहेर पडते. सशाच्या मादीत असे नियमित चक्र आढळत नाही. तिच्या अंडाशयात पुटके लाटांप्रमाणे वाढत व जिरत राहतात आणि परिपक्व पुटके समागमाच्या उद्दीपनाची वाट पाहतात. वॉल्टर हीप या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. समागमाचे उद्दीपन मज्जामार्गे अधोथॅलॅमसाकडे जाते, तेथून पोष ग्रंथीस आदेश मिळतो, ती ग्रंथी पीतपिंडकारी संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडते आणि सुमारे १० ते १२ तासांनी अंडमोचन होते.

या व्यवस्थेत निसर्गाची काटकसर आहे; पण तिच्यातच एका फसगतीचे बीजही आहे. अंडमोचन शुक्राणूंमुळे नव्हे, तर उद्दीपनामुळे घडते. म्हणून नर वंध्य असला तरी ते घडते. एका मादीने दुसरीवर आरोहण केले तरी ते घडू शकते. क्वचित मादीची पाठ वारंवार जोराने चोळल्यानेही, आणि कधी कोणतेही उघड कारण नसतानाही, ते घडल्याचे आढळते. अंडे फलित होवो वा न होवो, रिकाम्या झालेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रगर्भरक्षी स्रवू लागतो. शरीराच्या दृष्टीने गर्भावस्थेस आरंभ झालेला असतो.

४. पीतपिंडाचे आयुष्य

कॉर्नर व ॲलन यांनी १९२९ मध्ये सशाच्या माद्यांवरच प्रयोग करून पीतपिंडाच्या अर्काचे कार्य सिद्ध केले. समागमानंतर अंडाशय काढून टाकले असता गर्भ टिकत नाहीत. मात्र पीतपिंडाचा अर्क टोचत राहिल्यास ते टिकतात. पुढे त्या अर्कातून प्रगर्भरक्षी शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले.

खऱ्या गर्भावस्थेत गर्भ व वार यांच्या अस्तित्वामुळे पीतपिंडास अभय मिळते आणि तो सुमारे ३० ते ३२ दिवसांपर्यंत, म्हणजे विण्याच्या वेळेपर्यंत, कार्य करीत राहतो. मिथ्या गर्भावस्थेत असे अभय देणारे कोणी नसते. रिकाम्या गर्भाशयातून सुमारे सोळाव्या दिवसाच्या आगेमागे प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा हे द्रव्य स्रवते व त्यायोगे पीतपिंड नष्ट होऊ लागतो. प्रगर्भरक्षी घटते, प्रोलॅक्टीन वाढते आणि मादी १६ व्या ते १८ व्या दिवशी गवत गोळा करू लागते. कधीकधी तिच्या स्तनांत दूधही उतरते. गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले असल्यास मिथ्या गर्भावस्था अधिक काळ लांबते, या निरीक्षणाने गर्भाशयाच्या या कामगिरीस पुष्टी मिळते.

कुत्रीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक उठून दिसतो. कुत्रीत पीतपिंडाचे आयुष्य गर्भ असो वा नसो जवळजवळ सारखेच असते; त्यामुळे तिची खोटी गाभण खऱ्या गाभणीइतकीच लांबते. सशाच्या मादीत मात्र खोट्या अवस्थेचा काळ खऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. निदानासाठी हा फरक अमोल आहे.

५. प्रयोगशाळेचा अनुभव

खोट्या गाभणीचा प्रश्न हौशी पाळणूकदारांपुरता मर्यादित नव्हता. फ्रीडमन व लॅफम यांनी १९३१ मध्ये स्त्रियांच्या गर्भनिदानाची जी कसोटी प्रचारात आणली, तीत स्त्रीचे मूत्र सशाच्या मादीच्या शिरेत टोचून पुढे तिचे अंडाशय तपासले जात. गर्भवतीच्या मूत्रातील संप्रेरकाने मादीत अंडमोचन होई. परंतु मादीच्या अंडाशयात आधीचेच पीतपिंड असतील, तर निष्कर्ष निरर्थक ठरे. म्हणून अशा माद्या काही आठवडे एकेकट्या पिंजऱ्यात ठेवणे आवश्यक मानले जाई. केवळ नरापासून नव्हे, तर इतर माद्यांपासूनही त्यांना दूर ठेवावे लागे.

अंडमोचनाची वेळ तासांत सांगता येते, या गुणामुळेच हा प्राणी प्रजननशास्त्राचा आधार बनला. मिन-च्युह चांग यांनी १९५९ मध्ये सशाच्या अंड्यांचे शरीराबाहेर फलन करून त्यांतून जिवंत पिल्ले मिळविली. याच विचारधारेचे मानवी फलित परळमध्ये पाहावयास मिळाले. १९८६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय व तेथील प्रजनन संशोधन संस्था यांच्या सहकार्याने शरीरबाह्य फलनातून जन्मलेल्या बालिकेची शास्त्रशुद्ध नोंद झाली.

६. मुंबईतील परिस्थिती

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई, येथून सशांच्या जोड्या मुंबईतील घरोघरी जात आल्या आहेत. विक्रीच्या वेळी पिल्ले इतकी लहान असतात की त्यांचे लिंग ओळखणे कठीण असते. ‘दोन बहिणी’ म्हणून आणलेल्या जोडीत नर निघतो, किंवा ‘नर-मादी’ म्हणून आणलेल्या दोन्ही माद्याच निघतात. चारसहा महिन्यांत त्या वयात येतात आणि जागा अपुरी असल्याने परस्परांवर वर्चस्व गाजविताना आरोहण करतात. दहा बाय दहाच्या खोलीतील एका पिंजऱ्यात दोन माद्या असल्या की नराविना घरटे दिसण्यास एवढे कारण पुरते.

हवामानाचाही येथे विचार केला पाहिजे. युरोपातील रानटी ससा दिनमानाच्या वाढीबरोबर विणीस लागतो. मुंबईत दिनमान वर्षभरात सुमारे ११ तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंतच बदलते. त्यामुळे तेथल्यासारखा स्पष्ट हंगाम येथे अपेक्षित नाही. उलट तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास नराच्या शुक्राणूंची गुणवत्ता घसरते. एप्रिल-मे व ऑक्टोबरच्या उष्म्यात समागम होऊनही गर्भ न राहण्याची, आणि पर्यायाने मिथ्या गर्भावस्थेची, शक्यता त्यामुळे वाढते. नराचे खच्चीकरण झाल्यानंतरही काही आठवडे तो फलनक्षम राहू शकतो, हेही विसरता कामा नये.

७. निदान व व्यवहार

निदानाचे सर्वांत स्वस्त साधन भिंतीवरची दिनदर्शिका हे होय. समागमाचा अथवा आरोहणाचा दिवस नोंदलेला असेल, तर १७ व्या दिवसाच्या सुमारास बांधलेले घरटे बहुधा खोट्या गाभणीचे आणि २८ व्या दिवसानंतरचे घरटे बहुधा खऱ्या गाभणीचे समजावे. दिवस माहीत नसल्यास पशुवैद्य १० व्या ते १४ व्या दिवसांच्या दरम्यान पोट चाचपून, किंवा स्वनातीत लहरींच्या साहाय्याने, गर्भ पाहू शकतात. अननुभवी हाताने पोट दाबणे धोक्याचे आहे. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने या परिसरातील पाळणूकदारास तज्ज्ञ सल्ला दूर नाही.

शंका असेल तेव्हा मादी गाभण आहे असेच धरून चालावे. घरटे मोडू नये. मोडल्यास मादी पुन्हा केस उपटते. तिला कोरडे गवत व एक खोके द्यावे. पावसाळ्यात गवतास बुरशी येते, म्हणून ते पाहून घ्यावे. नर वेगळा करावा, कारण विल्यानंतर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते. खोटी गाभण असल्यास औषधाची सहसा गरज नसते. मात्र मादीने अर्ध्या दिवसाहून अधिक काळ खाणे सोडले, लेंड्या टाकणे बंद केले, किंवा तिचे स्तन लाल व कठीण झाले, तर विलंब करू नये.

सर्वांत करुण चूक खरी पिल्ले जन्मल्यावर घडते. सशाची आई पिल्लांजवळ बसून राहत नाही. दिवसातून साधारणतः एकदाच, तीन ते पाच मिनिटे, ती दूध पाजते व निघून जाते. बिळातील पिल्लांकडे शिकारी प्राण्यांचे लक्ष जाऊ नये, यासाठीची ही रीत असावी. ती पिंजऱ्यातही टिकून आहे. हे ठाऊक नसल्याने ‘आईने टाकली’ असे समजून पिल्ले घरट्यातून उचलली जातात, त्यांना गाईचे दूध पाजले जाते आणि ती दगावतात. पोटे भरलेली व अंग उबदार असेल, तर ती आईने टाकलेली नाहीत.

मिथ्या गर्भावस्था वारंवार येत असल्यास वयात आलेल्या मादीचे अंडाशय व गर्भाशय शस्त्रक्रियेने काढणे हा स्थायी उपाय होय. त्याचा आणखी एक लाभ आहे. काही वंशांत चारपाच वर्षांवरील माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग आढळला आहे. वयस्क मादीच्या मूत्रात रक्त दिसत असताना ‘पुन्हा खोटी गाभण असेल’ असे म्हणून स्वस्थ बसणे म्हणूनच घातक ठरते.

घरट्यास गर्भाचा पुरावा मानणे ही एका अनुमानाची चूक आहे. नेहमी एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असलीच पाहिजे असे नाही. दोहोंमागे तिसरीच गोष्ट असू शकते. येथे ती गोष्ट पीतपिंडाचा ऱ्हास ही आहे. मादीचे वर्तन खोटे नसते. तिच्या रक्तातील संदेशास ती प्रामाणिकपणे उत्तर देत असते; फक्त त्या संदेशाचा अर्थ लावताना पाहणाऱ्याने दिवस मोजावयास हवेत.