पायाखालचा पत्रा

फियाट 1100, तिचाच पुढचा अवतार असलेली पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर या गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पायाखालचा पत्रा, दाराखालचा पोकळ उंबरठा, आडवे पट्टे आणि वरचे छत मिळून एकच पेटी बनते आणि सगळे ओझे तीच पेलते. महिंद्राच्या जुन्या जीपचा तळ सडला तर बॉडी उचलून काम करता येते, खालची चेसिस जागच्या जागी राहते. फियाटचा तळ गेला की कणाच जातो.

खान्देशाची कोरडी हवा तशी पत्र्याला मानवते. मुंबईचा पाऊस आणि खारा वारा धुळे-जळगावात नाही, आणि म्हणूनच प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून मुंबईतच वापरलेली गाडी आग्रा रोडने इकडे आली की तिचा तळ आधी तपासावा लागतो. इथलीच गाडीही निर्धास्त नसते. 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात काचेभोवतीचे रबर कडक होऊन चिरते आणि जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी त्या चिरेतून थेट गालिच्याखाली उतरते. खालून काळी माती पत्र्याच्या घड्यांत ठासून बसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे रस्ता सुकला तरी पत्रा ओलाच राहतो.

गंज डोळ्यांआधी कानांना कळतो. हातोडीच्या हलक्या टोल्याला निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. तिथे पेचकस दाबला की रंगाचा पापुद्रा फुटून टोक आरपार जाते. वरून रुपयाएवढे दिसणारे भोक आतून बहुधा वीतभर असते.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे पत्र्यावर पत्रा. कुजका भाग तसाच ठेवून वर नवे ठिगळ डकवायचे आणि कडा पुटीने बुजवायच्या. काम दिवसाभरात उरकते, पण ते वाईटच. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकते आणि जुना गंज नव्या पत्र्यालाही खातो.

खरे काम मापापासून सुरू होते. बॅटरी, आसने, गालिचा, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी काढायची. गाडी चारही बाजूंनी समपातळीत टेकवायची, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या आणि दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या तात्पुरत्या जोडायच्या. हा आधार नसताना तळ कापला तर पेटी वाकते आणि मग दार कितीही ठोकले तरी बसत नाही. एका वेळी एकच बाजू उघडावी.

कापताना चमकदार लोखंड लागेपर्यंत मागे सरकावे लागते. निघालेला तुकडा भंगारात टाकू नये, कारण नव्या पत्र्याचा नमुना तोच. तो पुठ्ठ्यावर गिरवून 18 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटरचा पत्रा कापतात. मूळ तळावरच्या उभ्या नाळ्या शोभेच्या नसतात. त्यांच्यामुळेच पातळ पत्रा ताठ राहतो, त्यामुळे त्या नव्या तुकड्यातही ठोकून उठवाव्या लागतात. सपाट पत्रा पायाखाली डब्यासारखा वाजत राहतो.

गॅस वेल्डिंगची आच पसरते आणि पत्रा लाटा घेतो, म्हणून मिग वेल्डिंग बरे. तेही सलग ओढायचे नसते. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब आणि मधल्या वेळात पत्रा निवू द्यायचा. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग होते, तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डिंगने भरतात. मग जोडाला सीलर, दोन्ही बाजूंनी प्रायमर, खालून अंडरकोट आणि उंबरठ्याच्या पोकळीत मेण.

मूळ घडण जपण्याला आता कायद्याचेही कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. चेसिस, बॉडी किंवा एंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. त्यांच्या तळात चौकोनी पाइप ठोकून दिलेली मजबुती नोंदणीच्या वेळी नडू शकते.

शेवटी नळ्या काढून गाडी चाकांवर उतरवतात आणि दारांच्या फटी लिहिलेल्या आकड्यांशी ताडतात. निचऱ्याच्या भोकांत नवी रबरी बुचे बसवून काचेवर पाण्याची नळी सोडतात. आतून हात फिरवून तळ कोरडा लागला, तरच गालिचा अंथरायचा.