डोके मोठे, पण धीर सोडू नका

मध्यंतरी बाजारपेठेतील एक गृहस्थ पुण्याहून काढून आणलेली एमआरआयची फिल्म घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, अर्ध्याहून जास्त मेंदू खराब झालाय म्हणे. पोरगं किती दिवस काढणार?" पोरगं मात्र, थोडं डळमळत का होईना, माझ्या टेबलाभोवती फिरत होतं.

या दुर्मिळ आनुवंशिक आजाराला डॉक्टर थोडक्यात 'एमएलसी' म्हणतात. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अग्रवाल समाजातील मुलांमध्ये तो नोंदवला. समाजातच सोयरिकी होत आल्याने एका पूर्वजाचा दोष अनेक घरांत उतरला. यात कुणाचे पाप नाही. तो इतर समाजांतही आढळतो. जबाबदार जनुक २००१ मध्ये सापडले.

मेंदूतील पाणी व क्षार यांचा तोल बिघडतो आणि पांढरा भाग सुजतो. म्हणून पहिल्या वर्षातच डोके भराभर वाढते. कानशिलाच्या आतील भागात पाण्याच्या गाठी दिसतात. वय वाढते तशी सूज ओसरते, पण मेंदू आकसू लागतो आणि गाठी मोठ्या होऊ शकतात. याच आजाराच्या दुसऱ्या जनुकाच्या एका प्रकारात मात्र वयाबरोबर फिल्म चक्क सुधारते!

म्हणूनच एका फिल्मवरून आयुष्याचा हिशेब मांडू नये. फिल्म भयंकर दिसते तेव्हाही मूल बोलते, शिकते. चालणे हळूहळू अवघड होते, पुढे अनेकांना चाकाची खुर्ची लागते. बुद्धी त्या मानाने बरीच टिकते. अनेक जण प्रौढ वयापर्यंत पोचतात.

पालकांनी काय करावे?

आजार बरा करणारे औषध आज नाही. पण फिट्स गोळ्यांनी बऱ्याच आटोक्यात राहतात. त्या मनाने बंद करू नयेत. डोक्याला लागलेला किरकोळ मारही फिट किंवा बेशुद्धी आणू शकतो, म्हणून डोके जपावे. व्यायाम आणि शाळा चालू ठेवावी.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. घरातील दोष तपासून कळला असेल, तर पुढच्या खेपेस गर्भाची तपासणी होऊ शकते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. घरात असा आजार असेल तर आधी सल्ला घ्या.

आणि हो, लस द्यायला बाळ आणाल तेव्हा डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. मोजपट्टीला एमआरआयचा खर्च लागत नाही.