धाप वयाची नसते

‘आता वय झालं, दम लागणारच’ हे वाक्य घरातले तरुण म्हणतात त्याहून जास्त वेळा आई-वडील स्वतःच म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते घातक ठरतं. तिशीनंतर फुफ्फुसांची क्षमता दरवर्षी थोडी थोडी घटते, हृदयाचे स्नायूही ताठर होत जातात. पण या दोन्ही अवयवांकडे रोजच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ताकद शिल्लक असते. पंचाहत्तरीतल्या निरोगी माणसाला जिना चढायला वेळ लागेल, मध्ये थांबावंसं वाटेल. पण सपाट रस्त्यावर आपल्या चालीने चालताना, अंघोळ करताना किंवा साडी नेसताना त्याला धाप लागत नाही. लागत असेल तर त्यामागे आजार असतो: कधी रक्त कमी असणं, पण बहुतेक वेळा हृदय किंवा फुफ्फुस. शिवाय वडीलधारी माणसं धाप टाळायला शिकतात. देवळात जाणं बंद होतं, भाजीला जाणं बंद होतं, आणि मग ‘दम लागतो का?’ असं विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं. म्हणून विचारायचं ते असं, की मागच्या दिवाळीला जे सहज जमत होतं त्यातलं आता काय सोडून दिलंय?

दुसरा घोटाळा नावाने केला आहे. ‘हार्ट फेल’ म्हटलं की हृदय बंद पडलं असंच लोक समजतात. हृदय अचानक थांबणं वेगळं, रक्तवाहिनी तुंबून झटका येणं वेगळं, आणि हार्ट फेल्युअर वेगळं. यात हृदय चालू असतं. पण शरीराला हवं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ताठर झाल्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये नीट भरत नाही. मग मागे रक्ताचा दाब साचतो, फुफ्फुसात पाणी झिरपतं आणि पायांवर सूज येते. इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘टू-डी इको केला, पंपिंग ६० टक्के आलं, मग हृदय ठीकच आहे ना?’ नाही. हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांचं पंपिंग जवळपास नॉर्मलच असतं. बिघाड आकुंचनात नसतो, भरण्यात असतो. वर्षानुवर्षं रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वयस्कर स्त्रियांमध्ये हा प्रकार विशेष दिसतो आणि नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. आडवं झाल्यावर घुसमटणं, एका उशीच्या दोन-तीन उशा होणं, मध्यरात्री उठून खिडकीशी बसावं लागणं ही लक्षणं त्या एका आकड्याइतकीच महत्त्वाची आहेत.

फुफ्फुसाच्या बाजूचा मोठा गैरसमज असा, की सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो. भारतातल्या मृत्यूंच्या कारणांमध्ये हृदयविकारानंतर सीओपीडीचा क्रमांक लागतो, आणि आयुष्यात विडीला हात न लावलेल्या असंख्य बायका त्यात आहेत. लाकूड आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे काढलेली तीस-चाळीस वर्षं त्यांच्या श्वासनलिकांमध्ये जमा झालेली असतात. पुढे गॅस आला म्हणून जुनं नुकसान भरून निघत नाही. हा आजार छातीच्या एक्स-रेवरून पक्का ठरत नाही. त्याला जोरात फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री लागते. आणि इथेच ‘हृदयाचं आहे की फुफ्फुसाचं?’ हा नेहमीचा प्रश्न चुकीचा ठरतो. हार्ट फेल्युअरच्या सुमारे पाचातल्या एका रुग्णाला सीओपीडीही असतो. हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साचलं तरी दम्यासारखी घरघर ऐकू येते, आणि फुफ्फुसाचा जुना आजार हृदयाची उजवी बाजू थकवून पायांवर सूज आणतो. एका अवयवाचं निदान झालं की दुसऱ्याचा शोध थांबतो, आणि उपचार सुरू असूनही धाप तशीच राहते. अशा वेळी इको आणि स्पायरोमेट्री या दोन्हींबरोबर बीएनपी ही रक्ततपासणी उपयोगी पडते. बीएनपी अगदी कमी आला तर हृदयाबद्दलचा संशय बराच मागे पडतो.

दोन्ही आजार एकत्र असले की औषधांबद्दलची भीतीही दुप्पट होते. ‘बीटा ब्लॉकरने दमा वाढतो’ हे ऐकून हृदयाची गोळी परस्पर बंद केली जाते. दम्याच्या बाबतीत ही सावधगिरी योग्यच आहे. पण सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांना बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी मुख्यतः हृदयावर काम करणारी बीटा ब्लॉकर औषधं चालतात, आणि पंपिंग कमी असलेल्या रुग्णांमधले मृत्यू त्यांनी सुमारे एक तृतीयांश कमी केल्याचं १९९९ सालीच सिद्ध झालं आहे. इनहेलरच्या पंपाची ‘सवय लागते’ हेही खरं नाही. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. लघवीची गोळी तर लग्नाला किंवा प्रवासाला निघताना सर्रास चुकवली जाते, आणि दोन दिवसांनी रुग्ण दवाखान्यात दाखल होतो. त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारलं की प्रश्न सुटतो. औषधं नीट न मिळण्याची किंमत किती मोठी आहे हे केरळमधल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर नोंदणीत दिसलं. २०१३ मध्ये दाखल झालेल्या १२०५ रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के वर्षभरात दगावले. पंपिंग कमी असलेल्यांपैकीही शिफारस केलेली औषधं जेमतेम चौथ्या हिश्शाला मिळाली होती.

कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याबरोबर ‘जास्त दिला तर बिघडतं काय?’ ही समजूतही आली. सीओपीडीत बिघडतं. या रुग्णांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखली तेव्हा सरसकट भरपूर ऑक्सिजन देण्यापेक्षा मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणजे बोटावरच्या मशीनवर ९१ दिसलं की यंत्र वाढवायचं, हा उपचार नव्हे. आपल्या रुग्णासाठी किती पातळी ठेवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि यंत्रावरच चिकटवावं. पातळी कायम फार खाली राहणाऱ्यांना मात्र रोज १५ तास किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं. तिथे संकोच करू नये.

स्वयंपाकघरातली एक चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती चांगल्या हेतूने होते. पांढरं मीठ बंद करून सैंधव सुरू करतात. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे. हृदयाला त्यातला फरक कळत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन हे औषध घेणाऱ्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात तेच धोक्याचं ठरतं. वरून मीठ न घेताही लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण यांतून बरंच मीठ जातं. त्याहून दुर्लक्षित आहे ती गुडघेदुखीची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं आणि नीट चाललेला रुग्ण आठवड्यात सुजतो. ती चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

‘या वयात इतक्या तपासण्या, इतक्या गोळ्या कशाला?’ या प्रश्नामागे माया असते, आणि अति नाजूक रुग्णाच्या बाबतीत उपचार आवरते घेणं योग्यही असतं. पण तो निर्णय निदान झाल्यावर, रुग्णाला विचारून घ्यायचा असतो. निदान टाळून नव्हे. पंपिंग चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरवर एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध उपयोगी ठरल्याचं २०२१ मध्ये दिसलं, त्या अभ्यासातल्या रुग्णांचं सरासरी वय ७२ होतं. मुख्य फायदा दवाखान्यात पुन्हा दाखल होणं कमी झालं हा होता, आणि म्हातारपणी स्वतःच्या घरात राहता येणं ही लहान गोष्ट नाही.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, आईचं किंवा वडिलांचं वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एक वाक्य पूर्ण बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुलाबी फेस पडत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर त्याला आडवं झोपवू नका. टेकवून बसवा आणि १०८ला फोन लावा.